कोतो दुदुकची सहाशे डोकी

कोतो दुदुक, ९ जून १९३०

जामारिन,

हे पत्र तुला सेरेम्बानला मिळेल असं धरून चालते. मागचं मलाक्काला पाठवलं तेव्हा तू क्लांगला होतास. त्याआधीचं क्लांगला पाठवलं, तर तू म्हणे कुठल्याशा नाटकवाल्यांबरोबर निघून गेला होतास. तुला पत्र पाठवणं म्हणजे हातात तांदळाची वाटी घेऊन कोंबडीमागे धावणं.

घरी सगळे बरे. म्हैस व्यायली. आईचा गुडघा पाऊस यायच्या आधी दुखतो, म्हणजे रोज दुखतो. थोरले मामा अजून खोकतात आणि अजून विडी ओढतात.

आता कामाचं. ऑक्टोबरात वलंदेज सरकार शिरगणती करणार आहे. तालुक्याचे साहेब परवा चावडीत येऊन सांगून गेले, "गावात सहाशे डोकी भरली तर तुम्हाला तुमची शाळा. नाही भरली तर पोरं घळीपलीकडच्या गावात पाठवा." घळीवरचा पूल म्हणजे दोन बांबू. मुलगे जातील, पडतील, उठतील. मुली कोण पाठवणार? आणि मोजायचं कुणाला, तर त्या रात्री गावात झोपलेल्या प्रत्येकाला. मग तो कुणाचा का असेना.

आम्ही आधीच मोजून पाहिलं. पाचशे त्रेसष्ट. सदतीस कमी.

का कमी ते तुला सांगायला नको. कॉफीची सक्ती होती तेव्हा आजोबांच्या बरोबरीचे पळाले. नवा कर आला त्या साली बाबांच्या वयाचे पळाले. मग रबराला भाव आला आणि मागे उरलेले त्याच्या पाठी गेले. आपल्या गावात पुरुष म्हणजे पत्र. तेही कधीमधी येणारं.

मी वाचायला कशी शिकले ते तुला ठाऊक आहे. तुम्ही मुलगे वर सुराऊत, नमाजघराच्या फळ्यांवर बसून धडे ओरडायचात, मी खाली खांबांमध्ये उभी राहून चिखलात काडीने गिरवायची. तू चुकलास तिथे मीही अजून चुकते. नूरिमा नऊ वर्षांची झाली. तिने फळ्यांखाली उभं राहायचं नाही. आणि मुलीची शाळा बघणं हे बापाचं काम नव्हे, मामाचं. रीत काय आहे ते थोरल्या बहिणीने तुला शिकवायला नको.

तिकडे आपल्या गावचे पन्नासेक तरी असतील. गोळा कर आणि घेऊन ये. कुणाला खास सांगून आणायची गरज नाही. येतील ते येतील.

तुझी उनी,
राकेना

.

सेरेम्बान, २ जुलै १९३०

उनी,

पत्र पहिल्या फटक्यात मिळालं. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं, म्हणजे काम होणार.

तू विचारलं नाहीस, पण मी सध्या काय करतो ते सांगतो. रबराचा चीक काढायला अकरा दिवस गेलो. ती झाडं पहाटे चारला उठतात, मी उठत नाही, जमलं नाही. मग न्हाव्याकडे लागलो. दोन गिऱ्हाइकं झाली, दुसऱ्याचा कान वाचला. आता बाजारात एका औषधवाल्याबरोबर आहे. मी त्याचा रोगी. सकाळी लंगडत लंगडत गर्दीत शिरतो, एक बाटली पितो आणि दुपारपर्यंत नाचायला लागतो. औषध गुळाच्या पाण्याचं आहे आणि खरंच चांगलं लागतं. परवा एक खरा लंगडा आला आणि माझ्याबरोबर चार पावलं नाचला. आम्ही दोघंही घाबरलो.

हां, तर शाळा. मी तयार आहे. आज सकाळी रोगी व्हायच्या आधीच सालेह शिंप्याकडे गेलो. आपल्या गावचे सगळे तिथेच जमतात, कारण त्याच्याकडे काम नसतं आणि बसायला बाक आहे. सगळ्यांचं तेच झालंय. रबर पडलं, मळ्यांना कुलपं लागली. तामिळ मजुरांना हंड्या-परातींसकट जहाजात बसवून परत पाठवतायत. चिन्यांना आता मोजून उतरवून घेणार अशी बोलवा आहे. दोन वर्षांपूर्वी हेच गोरे साहेब धक्क्यावर उभे राहून माणसं हाताला धरून खाली घेत होते. तेव्हा मी उतरलो तर मलाही एकाने हात दिला होता. मला वाटलं ओळखतो की काय.

मी सालेहला म्हटलं, "चल गावी. फक्त झोपायचंय."

तो म्हणाला, "कशात झोपू? या सदऱ्यात?"

"सदऱ्याला काय झालं?"

"नऊ वर्षं परदेशी राहिलेल्या शिंप्याचा आहे, ते झालं. सासू पायऱ्यांवर उभी राहून आधी पाय बघते. चपला दिसल्या की आत जाऊन दार लावते."

बाकावरचे सगळे हसले आणि मग आपापल्या पायांकडे बघायला लागले. अडचण भाड्याची नाही, उनी. एक बुगी जमातीचा नावाडी आहे, त्याच्या होडीत माल चढवला-उतरवला तर तो आपल्या किनाऱ्याला, सियाक नदीच्या तोंडापर्यंत फुकट सोडेल. अडचण तोंड दाखवायची आहे. भरल्या हाताने परतला तो गावचा लेक. रिकाम्या हाताने परतला त्याला कुत्रंही ओळखत नाही. आणि यंदा सगळ्यांचेच हात रिकामे.

पण मला एक युक्ती सुचली आहे. तुला सांगत नाही, तू हसशील आणि हसत हसत आईला सांगशील. एवढंच सांगतो की सगळे श्रीमंत होऊन येतील.

आणि हो, खास कुणाला सांगू नको म्हणालीस ते लक्षात आहे. म्हणून उदा दामहुरीकडे गेलोच नाही. नवरा तुझा, शब्द तुझा. दोन वर्षं ज्याने एक ओळ पाठवली नाही त्याच्याकडे मी तरी कशाला जाऊ?

तुझा,
जामारिन

.

कोतो दुदुक, ३० जुलै १९३०

जामारिन,

तू गाढव आहेस. ही गोष्ट मी आईलाही सांगितली, तिला नवी नव्हती.

सहाशे म्हणजे सहाशे. त्यात तोही एक डोकंच आहे. मोजणाऱ्याला काय कळतंय कुणी किती वर्षं पत्र नाही लिहिलं. तू उगीच एक डोकं तिकडे टाकून येऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी काही नाही.

नूरिमा विचारत होती बाबा उंच आहे का. मी म्हटलं, दाराच्या चौकटीला डोकं आपटायचं.

क्लांगला तो पूर्वी मशिदीमागे, आपल्या दुकानातच राहायचा. पूर्वी म्हणजे पत्रं यायची तेव्हा. मी सहज लिहिते आहे.

राकेना

.

मलाक्का, ११ सप्टेंबर १९३०

उनी,

पस्तीस. परवा पस्तीसजण होडीत चढतायत. मीच स्वतः तीनदा मोजले. तिसऱ्यांदा छत्तीस आले, पण तो नावाड्याचा मेहुणा निघाला.

बाकीचे का नाही ते ऐक. दोघांनी इथे दुसरी लग्नं केली आहेत आणि पहिल्या बायकांच्या आया अजून जिवंत आहेत. एकजण तुरुंगात आहे, तो म्हणाला त्याला इथे जेवण बरं मिळतं. बाकीच्यांचा पत्ता कुणाला नाही, जंगलात कथिलाच्या खाणीवर गेले ते गेले.

उदा दामहुरीला शोधायला क्लांगला गेलो. वाटेत एक हत्ती रेल्वेचे ओंडके वाहत होता, तो बघत एक दिवस गेला, पण हत्ती असा की त्याने माझी टोपी काढून परत डोक्यावर ठेवली. असो. मशिदीमागे उदा नव्हता. दुकान केव्हाच गेलं. चार मैल आत एका मळ्यावर चीक काढतो, तेही एक दिवसाआड. मला बघून म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांग मी मेलो."

मी म्हटलं, "सांगितलं असतं. पण मेलेली माणसं मोजत नाहीत. तिला डोकी हवीत."

"कसली डोकी?"

मग मी सगळं सांगितलं. शाळा, पूल, सहाशे. तो खाली बसून काडीने मातीत रेघा ओढत होता. मग म्हणाला, "पोरगी केवढी झाली?"

"नऊ."

"मी निघालो तेव्हा तिला दात नव्हते."

"आता आहेत. चावते."

तो हसला. मग म्हणाला, येणार नाही. मग म्हणाला, येईन, पण फक्त एक रात्र, मोजण्यापुरता. मग परत नाही म्हणाला. शेवटी मी त्याच्या झोपडीच्या दारातच पथारी टाकली, दोन दिवस. मी झोपेत गातो ना. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच गाठोडं बांधून उभा.

तर पस्तीस आधी येतील, शेवटच्या होडीने उदा आणि मी. पस्तीस, एक आणि एक, सदतीस. माझी बेरीज नेहमी चुकते, पण ही बोटांवर केली आहे.

बायकांना सांगून ठेव की गावात शिरणाऱ्यांकडे फार निरखून बघायचं नाही.

जामारिन

.

कोतो दुदुक, ८ ऑक्टोबर १९३०, सकाळ

जामारिन,

टपालवाला ओट्यावर बसलाय, त्याला कॉफीच्या पानांचा काढा देऊन थांबवलाय. वाटी संपायच्या आत मला लिहायचंय.

आधी तुझी युक्ती. पहिल्या दिवशी सालेह शिंपी आला. पांढरा कोट, पिवळे बूट, हातात घड्याळ. सासूने स्वतः पाय धुवायला पाणी दिलं. तासाभराने तो म्हणाला खिंडीत काहीतरी विसरलो आणि पोतं घेऊन गेला. मग दुसरा आला. पांढरा कोट, पिवळे बूट, घड्याळ. मग तिसरा. रोज सहाजण, सहा दिवस. कोटाच्या खिशाखाली शाईचा डाग होता. तिसऱ्या दिवशी आम्ही बायका पाणवठ्यावर एकमेकींना विचारायला लागलो, "आज तुमच्याकडे डाग कधी येणार?" जाड्या मालिनच्या पोटावर कोट लागेना, त्याने हात मागे बांधून तो उघडाच मिरवला. कादिरच्या गुडघ्यापर्यंत आला. घड्याळात प्रत्येकाच्या वेळी पावणेचारच वाजले होते. कुणी काही बोललं नाही. सासवासुद्धा बोलल्या नाहीत, आणि या गावात असं कधी झालेलं नाही.

नूरिमाचा बाप शेवटी आला. कोट खिंडीतच होता, पण त्याने घातला नाही. फाटका सदरा, रबराच्या चिकाचा वास. पायऱ्यांपाशी उभा राहिला. मी म्हटलं, चौकट जप. त्याने जपली नाही.

आता काल रात्रीचं. कारकून आला, तोगु नावाचा, उत्तरेच्या डोंगरातला. तिकडे बायको नवऱ्याच्या घरी जाते म्हणे, त्यामुळे बिचाऱ्याला आपलं काहीच कळेना. संध्याकाळपासून घरोघर फिरला. आपल्याकडे येऊन आईला विचारलं, "या घरात पुरुष किती?"

"एकही नाही. आमचे लेक रात्री बायकांकडे झोपायला जातात."

दाराशी चटईवर नूरिमाचा बाप जेवत होता. तोगु म्हणाला, "मग हे?"

आई म्हणाली, "पाहुणा."

"किती दिवसांपासून?"

"बारा वर्षं झाली."

"आणि ही मुलगी?"

"पाहुण्याची."

प्रत्येक घरात हेच. आई म्हणते लेक इथे झोपत नाही, सासू म्हणते जावई आमचा नव्हे. बिनलग्नाचे पोरगे सुराऊत पसरलेले, पण तिथे चूल नाही, म्हणून ते घर नाही, म्हणून त्याने तिकडे बघितलंही नाही. उशिरा चावडीत त्याने आकडा वाचला. चारशे अठ्ठ्याहत्तर. सगळ्या बायका आणि पोरं. पुरुष शून्य.

मग जे व्हायचं ते झालं. थोरले मामा म्हणाले, "जावयांना बायकोच्या घरात लिहा, संपलं." सगळ्या सासवा उठल्या. "आज कागदात लिहून घ्या, उद्या भातखाचरात वाटा मागेल." बरं, आईच्या घरात लिहा. तर तोगु म्हणाला, "जिथे झोपला नाही तिथे लिहिलं तर माझी नोकरी जाईल." तीन तास. तोगु कपाळाला हात लावून बसला आणि म्हणाला, "निदान हे तरी सांगा, तुमचे पुरुष नेमके असतात कुठे?"

आणि तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "रस्त्यावर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पहाटे सगळे बायकोकडून आईकडे निघतात. पोरगे सुराऊतून न्याहारीला निघतात. सगळ्यांची वाट वडाखालून जाते. साहेब, तुमच्या कागदात वाटसरूंसाठी रकाना आहे का?"

होता.

आज पहाटे तोगु वडाखाली कंदील घेऊन बसला आणि आपल्या गावचे सगळे पुरुष खांद्यावर लुंगी टाकून त्याच्यासमोरून बदकांसारखे गेले. मालिन दोनदा गेला, त्याला परत पाठवलं. थोरले मामा म्हणाले, "ऐंशी वर्षांत या गावात माझी पहिली नोंद, आणि ती भटक्या म्हणून." एकशे एकवीस वाटसरू.

बेरीज केलीस का? मी केली. पाचशे नव्व्याण्णव.

तोगुने तीनदा करून बघितली. एक कमी आहे आणि तो एक म्हणजे तू. नूरिमाचा बाप म्हणतो, होडीत चढेपर्यंत तू मागेच होतास. मग कुठे गेलास? हत्ती दिसला का? वाटी संपली.

राकेना

.

मलाक्का, २७ ऑक्टोबर १९३०

उनी,

हत्ती नव्हता.

होडीत सुक्या मासळीच्या गोण्या इतक्या होत्या की नावाडी म्हणाला, जागा एकाचीच. उदाने ते ऐकलं आणि तो लगेच गाठोडं उचलून म्हणाला, "तू जा, माझं काय." त्याचा चेहरा असा खुलला, उनी, की मला कळलं, हा आता धक्क्यावर राहिला तर परत कधीच चढायचा नाही. मी म्हटलं, "नावाड्याशी बोललो, मी टोकाला बसतो, तू बस खाली." आणि टोकावरून मागच्या मागे उतरलो. होडी सुटल्यावर त्याने वळून पाहिलं, तेव्हा मी एका खांबामागे होतो. मी बारीक आहे ते एकदा तरी कामी आलं.

मी दुसरी होडी धरली. नारळांची. सामुद्रधुनीच्या मधोमध वारा पडला आणि ती दोन दिवस तिथेच डुलत राहिली. शिरगणतीच्या रात्री मी तिथे होतो, नारळांवर पाठ टेकून, आणि मोठ्याने गात होतो, कारण मला वाटत होतं तुमचे सहाशे माझ्याशिवायच भरले असतील. तुमची आधीची मोजणी थोरल्या मामांनी केली असणार, आणि मामा जेवायला बसलेली माणसं मोजतानाही दोनचार विसरतात. मग वारा उलटा सुटला आणि मी परत मलाक्काला.

तुझं पत्र काल मिळालं. तेव्हापासून औषध पिऊनही नाचता येत नाही. औषधवाला म्हणाला, "आज रोगी फारच खरा वाटतो."

काहीतरी करता येईल का? मी तोगुला पत्र लिहू? नारळवाला साक्ष देईल की होडीचं तोंड तुमच्याच बाजूला होतं. की मी म्हणू की सियाक नदीपर्यंत आलो होतो? तूच सांग काय म्हणू. भाचीसाठी मामाने आयुष्यात एकच काम करायचं असतं, आणि मी ते एका डोक्याने घालवलं. तेही माझ्याच.

नूरिमाला काय सांगितलंस ते कळव. किंवा नको कळवू.

जामारिन

.

कोतो दुदुक, १५ फेब्रुवारी १९३१

जामारिन,

तुझं पत्र डिसेंबरात आलं. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तालुक्याहून शिक्का येईपर्यंत तुला नाचू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आज आला, मास्तरच घेऊन आला. आता नाच.

त्या सकाळी टपालवाला घळीत उतरला आणि मी चावडीत गेले. तोगु कागद गुंडाळत होता. मला म्हणाला, "वाईट वाटतं, बाई. पण एक माणूस मी कुठून आणू?"

मी विचारलं, "नियम काय आहे तुमचा?"

"रात्री गावात झोपला तो गावात."

"कुणाचाही असो?"

"कुणाचाही."

"काल रात्री तुम्ही कुठे होतात?"

"सुराऊत पडलो होतो, पोरांमध्ये. पण मी तर..." त्याने लेखणी उचलली, परत ठेवली. म्हणाला, "माझ्या गावात आई मला मोजून घेईल."

"तिथे झोपलात का?"

"चार वर्षं गेलोच नाही."

"मग तुमच्या आईने खोटं बोलू नये, एवढं तरी बघा."

त्याने कागद परत उलगडला आणि वाटसरूंच्या रकान्यात एकशे बाविसावं नाव लिहिलं. अक्षर फार सुंदर आहे त्याचं. सहाशे. सासवांनी त्याला वाटेत खायला नऊ घरचं मटण बांधून दिलं, आणि मला वाटतं दोन घरांनी लग्न ठरवायची सुपारीही पाठवायची ठेवली आहे. मोजला गेला म्हणजे आपला.

शाळा वडापलीकडे, सुराऊपासून लांब. लाकूड गावचं, छप्पर गावचं, मास्तर सरकारचा. नूरिमाचं नाव मी स्वतः घातलं. मास्तर म्हणाला, लिहिता येतं तुम्हाला? एक अक्षर उलटं आहे. मी म्हटलं, ते माझ्या भावाचं आहे.

आता तुझी दुसरी चूक. तू माणसं आणलीस, पण ती परत कशी जाणार ते ठरवलं नाहीस. म्हणे तिकडे काम नाही. चार महिने पस्तीसजण इथे आहेत. पहाटे वडाखाली गर्दी होते. सगळे चावडीत बसून सिंगापूरला कॉफी किती चांगली मिळते ते आम्हाला सांगतात, आमचीच कॉफी पीत. सालेहच्या सासूने काल मला विचारलं, "राकेना, तुझ्या भावाला लिही, तो ज्या बाजारातून माणसं आणतो तिथे परत घेतात का?" वर्षभर पुरेल असा तांदूळ होता, तो मे महिना बघायचा नाही. आईचं म्हणणं, पुरुष पत्रातच बरे.

म्हणून नीट ऐक. रबराचा भाव एका सेंटने जरी चढला तरी तार कर, पत्राची वाट बघू नकोस. पस्तीसजणांच्या पिशव्या मी आणि बाकीच्या बायकांनी भरून दाराशी ठेवल्या आहेत. छत्तिसावा शाळेच्या छपरावर आहे. फक्त एक रात्र म्हणाला होता. तो शाकारतो फार सावकाश, आणि मी शिडी काढून ठेवली आहे.

तुझी उनी,
राकेना